फ्रीबीएसडीवर अपाचे आणि टॉमकॅटची जोडणी: नव्याने खुर्चीत बसलेल्यांसाठी

महापे, रबाळे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या मध्यम कंपनीत सिस्टिम ॲडमिन म्हणून रुजू झालात की लिनक्सची दोन-चार यंत्रं तुमच्या ताब्यात येतात. त्यांचं काही वाटत नाही, कोर्समध्ये तीच हाताळलेली असतात. मग कोणीतरी रॅकच्या तळाकडे बोट दाखवून म्हणतं, "ते आधीच्या सरांनी लावलंय. हजेरीचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतं. शक्यतो हात लावू नका." लॉगिन केल्यावर कळतं की इथे लिनक्सवरची ओळखीची हत्यारं नाहीत: सिस्टेमसीटीएल नाही, ॲप्ट नाही, यमही नाही. यूनेम टाइप केलं की उत्तर येतं: फ्रीबीएसडी.

हा लेख त्या यंत्रासाठी आहे. १९९३ पासून चालत आलेली ही प्रणाली आपल्याकडच्या ऑफिसांत कमी दिसते, पण ती काही अडगळीतली नव्हे. नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ लोकांपर्यंत पोचवणारे सर्व्हर हिच्यावरच चालवतं, आणि तुमच्या ऑफिसची फायरवॉल पीएफसेन्स असेल तर रोज तुमचं इंटरनेट हिच्यातूनच जातं. शिकायला अवघड नाही. फक्त प्रत्येक गोष्टीची जागा वेगळी आहे, आणि लिनक्सच्या सवयीने तिथे शोधत बसलं की दुपार जाते.

उदाहरण म्हणून एकच ॲप धरू: हजेरी. जावात लिहिलेलं, टॉमकॅटवर चालणारं, रबाळ्याच्या प्लांटमधून आणि ठाण्याच्या ऑफिसातून ब्राउझरवर उघडलं जाणारं. आज्ञा, फाइलींची नावं आणि सेटिंगा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या, हे सांगायला नको.

कनेक्टर म्हणजे नक्की काय

टॉमकॅट जावाचं ॲप चालवतो. अपाचे जगासमोर उभा असतो: एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र, चित्रं, त्याच यंत्रावरच्या इतर साइट्स, सगळं तो बघतो. पत्त्यात 'हजेरी' असलेली विनंती आली की ती टॉमकॅटला देतो, उत्तर घेतो, ब्राउझरला परत करतो. या दोघांमधला दुवा म्हणजे कनेक्टर. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही टॉवरच्या गेटवर वॉचमन पाहुण्याला थांबवून इंटरकॉमवर फ्लॅटमध्ये विचारतो, तसंच हे. वॉचमनच्या वहीत फ्लॅटचा नंबर चुकलेला असेल किंवा फ्लॅटमधला इंटरकॉम बंद असेल, तर पाहुणा गेटवरच उभा. कनेक्टरच्या बहुतेक तक्रारी या दोनांपैकी एक असतात.

टॉमकॅटलाच सरळ ८० नंबरच्या पोर्टवर का बसवत नाही, असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. युनिक्सच्या घराण्यात १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायचा अधिकार रूटलाच, म्हणजे सर्वाधिकारी युजरलाच असतो, आणि फ्रीबीएसडीचं पॅकेज टॉमकॅटला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' नावाच्या साध्या युजरखाली चालवतं. ते योग्यच आहे. जावाचं ॲप रूट म्हणून चालवणं हा धोका ओढवून घेण्याचा प्रकार. अपाचेचं मुख्य प्रोसेस मात्र रूट म्हणून उठतं, पोर्ट उघडतं, आणि पुढचं काम त्याच साध्या युजरच्या प्रोसेसकडे सोपवतं.

तीन वाटा, आणि माझी पसंती

अपाचेकडून टॉमकॅटकडे जायच्या तीन वाटा आहेत. मॉड प्रॉक्सी एचटीटीपी ('मॉड' म्हणजे अपाचेत जोडायचं मॉड्यूल) साध्या एचटीटीपीने बोलतं. मॉड प्रॉक्सी एजेपी आणि मॉड जेके ही दोन्ही एजेपी १.३ नावाच्या बायनरी प्रोटोकॉलने बोलतात.

नवीन जोडणी करत असाल तर पहिली वाट धरा. फारसा विचार करू नका. एजेपीची बाजू मांडणारे सांगतात की तो ग्राहकाचा खरा आयपी आणि एचटीटीपीएसची माहिती आपोआप पुढे नेतो. खरं आहे ते. पण हेच एचटीटीपीने दोन-तीन ओळी जादा लिहून साधतं, आणि बिघाड झाला तर एचटीटीपी तुम्ही कमांडलाइनवरून स्वतः तपासू शकता. बायनरी एजेपीला अशी सहज हाक मारता येत नाही. नवख्या माणसाला यापेक्षा मोठा फायदा दुसरा नाही.

शिवाय फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाने ओळखली जाणारी त्रुटी बाहेर आली. टॉमकॅट तोवर एजेपीचा ८००९ पोर्ट न विचारता सगळ्या पत्त्यांवर उघडा ठेवत असे, आणि तिथे पोचलेला कोणीही ॲपच्या आतल्या फाइली वाचू शकत असे. ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ या आवृत्त्यांत ते बुजवलं गेलं. तेव्हापासून एजेपी मुळात बंद असतो, सुरू केला तर फक्त त्याच यंत्रावर ऐकतो, आणि 'सीक्रेट' म्हणजे गुप्त शब्द मागतो. तुमच्या यंत्रावर याहून जुना टॉमकॅट दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेवढं बघा.

सगळं बसवून घ्या

पीकेजी इन्स्टॉल अपाचे२४ टॉमकॅट९

जावा सोबत आपोआप येतं. टॉमकॅट ९ का, तर १० पासून जावाच्या वेब पॅकेजांची नावं जावाएक्सवरून जकार्तावर गेली. जुनं ॲप तिथे जसंच्या तसं उठत नाही. हजेरीसारखी सॉफ्टवेअरं हमखास जुनी असतात.

इन्स्टॉल संपल्यावर स्क्रीनवर जो मजकूर येतो, तो वाचा. लिनक्सवर आपण तो वाचत नाही. इथे जावाचं पॅकेज सांगतं की त्याला एफडेस्कएफएस आणि प्रॉकएफएस या दोन फाइलसिस्टिम माउंट केलेल्या हव्यात, आणि त्यासाठीच्या ओळीही देतं. त्या एफएसटॅबमध्ये टाका. मजकूर निघून गेला असेल तर 'पीकेजी इन्फो' ला मोठा डी जोडून पुन्हा बघता येतो, आणि छोटा एल जोडला तर पॅकेजने कुठे काय ठेवलं त्याची यादी मिळते. ही यादी काढायची सवय लावून घ्या.

कारण जागा वेगळ्या आहेत. फ्रीबीएसडी मूळ प्रणाली आणि नंतर बसवलेलं सॉफ्टवेअर एकमेकांत मिसळू देत नाही. मूळ प्रणालीची सेटिंग /ईटीसी मध्ये, बाकी सगळ्यांची /यूएसआर/लोकल खाली. म्हणून अपाचेची फाइल /यूएसआर/लोकल/ईटीसी/अपाचे२४/एचटीटीपीडी.कॉन्फ इथे मिळते, लॉग /व्हार/लॉग मध्ये 'एचटीटीपीडी-एरर' नावाने, आणि टॉमकॅट /यूएसआर/लोकल/अपाचे-टॉमकॅट-९.० मध्ये. मला ही शिस्त लिनक्सपेक्षा आवडते. एकदा कळली की शोधाशोध संपते.

मागून पुढे या

नवखे लोक आधी अपाचेत हात घालतात, कारण ब्राउझरमध्ये तोच दिसतो. उलट करा. आधी टॉमकॅट एकटा चालतोय का ते पाहा, मग अपाचे एकटा, आणि मग दोघांची गाठ. प्रत्येक टप्प्यावर तपासून पुढे गेलात तर बिघाड कुठे आहे हे शोधावं लागत नाही.

टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमधली सर्व्हर.एक्सएमएल उघडा. व्हीआय येत नसेल तर 'ईई' नावाचा सोपा एडिटर मूळ प्रणालीतच आहे. आधी फाइलची प्रत काढून ठेवा. ८०८० पोर्टचा कनेक्टर शोधून त्यात एक गुणधर्म वाढवा:

ॲड्रेस="१२७.०.०.१"

हा पत्ता म्हणजे यंत्र स्वतःच. हे न लिहिल्यास टॉमकॅट सगळ्या पत्त्यांवर ऐकतो, आणि प्लांटमधला कोणीही अपाचेला वळसा घालून थेट ८०८० वर येऊ शकतो. मग अपाचेत लावलेले पासवर्ड आणि निर्बंध कागदावरच राहतात. आता सुरू करा:

सिसआरसी टॉमकॅट९_एनेबल=यस
सर्व्हिस टॉमकॅट९ स्टार्ट

पहिली ओळ विसरू नका. ती आरसी.कॉन्फ फाइलमध्ये नोंद करते. ती नसेल तर स्टार्ट चालतच नाही, आणि मग घाईतला माणूस 'वनस्टार्ट' वापरून मोकळा होतो. वनस्टार्टने सेवा सुरू होते खरी, पण नोंद होत नाही. पावसाळ्यात एमआयडीसीत लाइट जाते, यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली असते, यंत्र बंद पडून पुन्हा उठतं आणि सकाळच्या पाळीला हजेरी उघडत नाही. "काल तर चालत होतं हो!" ही तक्रार आली की आधी आरसी.कॉन्फ बघावी.

आता बघा कोण कुठे ऐकतंय:

सॉकस्टॅट -४६एल

लिनक्सवरच्या एसएस किंवा नेटस्टॅटचं काम इथे हा करतो. यादीत जावाच्या नावासमोर १२७.०.०.१:८०८० दिसायला हवं. दिसलं की हाक मारा. कर्ल बहुधा नसेल, फेच मूळ प्रणालीतच आहे:

फेच -क्यूओ - एचटीटीपी://१२७.०.०.१:८०८०/हजेरी/

एचटीएमएल धडाधड स्क्रीनवर आलं की मागची बाजू पक्की. नाही आलं तर टॉमकॅटच्या लॉग्स फोल्डरमधल्या कॅटालिनाच्या फाइली वाचा. रूट म्हणून कॉपी केलेली वॉर फाइल (जावाच्या ॲपचं गाठोडं) परवानग्या नीट नसतील तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू युजरला वाचताच येत नाही, हे कारण फार वेळा निघतं. सीएचओन करून मालकी बदला.

अपाचे एकटा

सिसआरसी अपाचे२४_एनेबल=यस, मग सर्व्हिस अपाचे२४ स्टार्ट. इथे फ्रीबीएसडीची एक खास सूचना दिसू शकते: 'एचटीटीपीरेडी' ॲक्सेप्ट फिल्टर सुरू करता आला नाही. साइट तरीही चालते, त्यामुळे लोक दुर्लक्ष करतात. ही सोय कर्नलची आहे. विनंती पूर्ण येईपर्यंत कर्नल ती स्वतःकडे धरून ठेवतो, अपाचेच्या प्रोसेसला उगाच उठवत नाही. कर्नल मॉड्यूल चढवलेलं नसलं की ही सूचना येते. उपाय एका ओळीचा:

सिसआरसी अपाचे२४_एचटीटीपी_ॲक्सेप्ट_एनेबल=यस

पुन्हा सुरू केलं की मॉड्यूल चढतं. सर्व्हरनेमची दुसरी सूचना येते ती एचटीटीपीडी.कॉन्फमध्ये सर्व्हरनेम लिहिलं की थांबते.

आता गाठ मारा

एचटीटीपीडी.कॉन्फमध्ये लोडमॉड्यूलच्या लांबलचक यादीत प्रॉक्सी_मॉड्यूल, प्रॉक्सी_एचटीटीपी_मॉड्यूल आणि हेडर्स_मॉड्यूल या ओळी शोधा. ज्यांच्यापुढे हॅश असेल तो काढा. डेबियन-उबुंटूवरचं 'एटूएनमॉड' इथे नाही, हातानेच करायचं. रेड हॅटवरून आलेला माणूस एसईलिनक्सची परवानगी शोधू लागतो, तेही इथे नाही.

जोडणीचा मजकूर मुख्य फाइलमध्ये न लिहिता अपाचे२४ फोल्डरमधल्या इन्क्लूड्समध्ये हजेरी.कॉन्फ नावाची वेगळी फाइल करून लिहा. त्या फोल्डरमधल्या '.कॉन्फ'ने संपणाऱ्या सगळ्या फाइली अपाचे आपोआप वाचतो.

प्रॉक्सीरिक्वेस्ट्स ऑफ
प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट ऑन
प्रॉक्सीपास "/हजेरी" "एचटीटीपी://१२७.०.०.१:८०८०/हजेरी"
प्रॉक्सीपासरिव्हर्स "/हजेरी" "एचटीटीपी://१२७.०.०.१:८०८०/हजेरी"

पहिली ओळ मुळात ऑफच असते, तरी डोळ्यांसमोर असावी म्हणून लिहितो. कोणी सल्ला दिला की ऑन करून बघा, तर ऐकू नका. त्याने तुमचा सर्व्हर जगाला फुकट वापरता येणारा प्रॉक्सी बनतो. प्रॉक्सीपासला त्याची गरज नाही.

दोन्ही बाजूंच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची तर दोन्हीकडे द्या, नाहीतर कुठेच नको. एकीकडे असली आणि दुसरीकडे नसली की पत्ते जोडताना घोळ होतो. आणि शक्य तोवर बाहेरचं नाव आणि टॉमकॅटमधलं नाव एकच ठेवा. बाहेर 'एचआर' आणि आत 'हजेरी' असं केलं की कुकी आतल्या नावाने येते, ब्राउझर ती बाहेरच्या नावाला पाठवत नाही, आणि लोक लॉगिन करून पुन्हा लॉगिनच्याच पानावर येतात. प्रॉक्सीपासरिव्हर्स फक्त हेडरमधले पत्ते दुरुस्त करतो. पानाच्या आतल्या लिंका आणि कुकीचा मार्ग त्याच्या कक्षेत नाहीत.

मग 'सर्व्हिस अपाचे२४ कॉन्फिगटेस्ट', 'सिंटॅक्स ओके' आलं की 'कॉन्फिगटेस्ट'च्या जागी 'ग्रेसफुल'. ब्राउझर उघडा.

सगळ्यांचा आयपी एकच का दिसतो

पान उघडलं म्हणून काम संपलं असं नाही. हजेरीसारख्या ॲपमध्ये कोणी कुठून नोंद केली हे महत्त्वाचं असतं, आणि आता टॉमकॅटला प्रत्येक माणूस १२७.०.०.१ वरून आलेला दिसतो, कारण त्याच्याशी बोलतो तो अपाचे. "सगळे जण सर्व्हररूममध्ये बसून हजेरी लावतायत का?" असं एचआरच्या मॅडमनी विचारण्याआधी हे करून ठेवा.

मॉड प्रॉक्सी खरा आयपी 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या हेडरमध्ये स्वतःच घालतं. टॉमकॅटला तो वाचायला सांगावं लागतं. सर्व्हर.एक्सएमएलमध्ये होस्टच्या आत रिमोटआयपीव्हॉल्व्ह लावा (व्हॉल्व्ह म्हणजे विनंती वाटेत हाताळणारा टॉमकॅटचा भाग), आणि रिमोटआयपीहेडर व प्रोटोकॉलहेडर ही दोन्ही नावं स्पष्ट लिहा. विनंती एचटीटीपीएसने आली होती हे मात्र अपाचे आपणहून सांगत नाही. त्यासाठी एचटीटीपीएसच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये, म्हणजे अपाचेतल्या त्या साइटच्या वेगळ्या विभागात, एक ओळ हवी:

रिक्वेस्टहेडर सेट एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो "एचटीटीपीएस"

ही नसेल तर ॲप स्वतःला साध्या एचटीटीपीवर समजतं, तसेच रिडायरेक्ट पाठवतं, आणि ब्राउझर गोल गोल फिरत राहतो. टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगमध्येही खरा आयपी हवा असेल तर त्या लॉगच्या व्हॉल्व्हवर रिक्वेस्टॲट्रिब्यूट्सएनेबल्ड ट्रू करा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते. कर्मचाऱ्याचं नाव देवनागरीत शोधलं आणि निकालात चौकोन किंवा प्रश्नचिन्हं आली, तर कनेक्टरचं यूआरआयएन्कोडिंग तपासा. टॉमकॅट ८ पासून ते मुळातच यूटीएफ-८ आहे. जुन्या ७ वर लॅटिनचं होतं, तिथे हाताने यूटीएफ-८ लिहावं लागे. आवृत्ती नवी केली तरी सर्व्हर.एक्सएमएल जुनीच ठेवलेली असते आणि तिच्यात कोणीतरी कधीतरी भलतंच एन्कोडिंग लिहून ठेवलेलं असतं, असंही होतं.

वारशात मॉड जेके आलं असेल तर

चालू असेल तर उखडू नका. समजून घ्या, आणि पुढच्या मोठ्या दुरुस्तीत एचटीटीपीवर न्या. पॅकेजचं नाव एपी२४-मॉड_जेके. 'वर्कर्स.प्रॉपर्टीज' नावाच्या फाइलमध्ये वर्करचं (म्हणजे ज्या टॉमकॅटकडे विनंती जाते त्याचं) नाव, प्रकार एजेपी१३, होस्ट, पोर्ट आणि सीक्रेट असतात. अपाचेच्या बाजूने जेकेमाउंट सांगतं की कुठला पत्ता कुठल्या वर्करकडे.

इथल्या खाचा ठरलेल्या आहेत. पहिली, आणि सगळ्यात फसवी: नव्या टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये एजेपीचा नमुना कनेक्टर कॉमेंटमध्ये दिलेला असतो, आणि त्यात पत्ता लिहिलेला असतो '::१', म्हणजे आयपीव्ही६चा लूपबॅक, यंत्राचा स्वतःचाच पत्ता. लोक कॉमेंट काढतात, वर्करमध्ये १२७.०.०.१ लिहितात, आणि कनेक्शन रिफ्यूज्ड येतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, फक्त वेगवेगळ्या दारांवर. सॉकस्टॅटच्या यादीत हे एका नजरेत दिसतं. दोन्हीकडे १२७.०.०.१ करा.

दुसरी, सीक्रेट न लिहिता कनेक्टर सुरू केला तर टॉमकॅट तो उठवतच नाही. लॉगमध्ये सीक्रेटरिक्वायर्ड ट्रू असून सीक्रेट रिकामं असल्याची स्पष्ट तक्रार येते. सीक्रेटरिक्वायर्ड फॉल्स करून पळवाट काढणारे खूप भेटतील, तुम्ही शब्द लिहा. दोन्हीकडचे शब्द जुळले नाहीत तर ४०३ येतो.

तिसरी, जेकेमाउंट मुख्य फाइलमध्ये लिहिलं तर ते व्हर्च्युअल होस्टला आपोआप लागू होत नाही. एचटीटीपीवर ॲप उघडतं आणि एचटीटीपीएसवर ४०४, असं असेल तर हेच. व्हर्च्युअल होस्टमध्ये पुन्हा लिहा किंवा जेकेमाउंटकॉपी वापरा.

चौथी, वेळेची एककं. वर्करमधला कनेक्शन_पूल_टाइमआउट सेकंदांत असतो आणि टॉमकॅटचा कनेक्शनटाइमआउट मिलिसेकंदांत. दोन्ही जुळले पाहिजेत: तिकडे ६०० तर इकडे ६०००००. दोन्हीकडे ६०० लिहिलं तर टॉमकॅट ०.६ सेकंदाच्या शांततेनंतर फोन ठेवून देतो आणि अपाचेला वाटतं लाइन अजून चालू आहे. मधूनच एखादी विनंती फसते, लॉगमध्ये ठराविक काही सापडत नाही.

यंत्र जेलमध्ये आहे का?

हे खरं तर पहिल्याच दिवशी बघायला हवं. जेल म्हणजे फ्रीबीएसडीचा कंटेनर, डॉकरच्या कितीतरी आधीचा. आधीच्या सरांनी फ्रीबीएसडी निवडली असेल तर त्यांनी जेल वापरलेच असणार असं धरून चाला. तपासायला:

सिससीटीएल सिक्युरिटी.जेल.जेल्ड

उत्तर १ आलं तर तुम्ही आत आहात. साध्या जेलला, म्हणजे ज्याला स्वतंत्र व्हीनेट जाळं दिलेलं नाही अशाला, स्वतःचा लूपबॅक नसतो. आत १२७.०.०.१ लिहिलं की कर्नल त्याऐवजी जेलचाच आयपी वापरतो. जोडणी त्यामुळे बिघडत नाही, सगळं सुरळीत चालतं, आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. पण ज्या पोर्टला तुम्ही यंत्राच्या आतलं समजत होतात, ते आता १९२.१६८ च्या ऑफिसच्या जाळ्यावर उघडं आहे. सॉकस्टॅटमध्ये १२७ च्या जागी जेलचा आयपी दिसला की समजा.

८०८० एकवेळ चालेल. ८००५ मात्र नाही. हा टॉमकॅटचा शटडाउन पोर्ट. त्यावर 'शटडाउन' हा शब्द पाठवला की टॉमकॅट बंद होतो, पासवर्ड विचारत नाही. एरवी तो लोकलहोस्टवर असल्याने कोणी काळजी करत नाही. जेलमध्ये मात्र प्लांटमधला कुठलाही पीसी तो पाठवू शकतो. सर्व्हर.एक्सएमएलमध्ये सर्व्हरच्या ओळीतला ८००५ काढून -१ करा, आणि मग सर्व्हिस स्टॉपने टॉमकॅट खरोखर थांबतो ना, हे एकदा पाहून घ्या. शिवाय होस्टवर पीएफ फायरवॉल लावा (ती मुळात बंद असते), किंवा होस्टवर एलओ१ नावाचा जादाचा लूपबॅक तयार करून जेलला त्यावरचा पत्ता द्या.

अपाचे एका जेलमध्ये आणि टॉमकॅट दुसऱ्यात असेल तर प्रॉक्सीपासमध्ये टॉमकॅटच्या जेलचा आयपी लिहावा लागतो. आणि वरचं ॲक्सेप्ट फिल्टरचं मॉड्यूल जेलच्या आतून चढत नाही, होस्टवरून चढवावं लागतं.

एरर नंबर काय सांगतो

५०३ म्हणजे अपाचे टॉमकॅटपर्यंत पोचलाच नाही. एरर लॉगमध्ये एएच००९५७ सोबत कुठल्या पत्त्याला आणि पोर्टला हाक मारली ते लिहिलेलं असतं, ते सॉकस्टॅटशी ताडून बघा. एक गंमत लक्षात ठेवा: एकदा हाक फसली की मॉड प्रॉक्सी ६० सेकंद पुन्हा प्रयत्नच करत नाही. तुम्ही टॉमकॅट सुरू करता, लगेच ब्राउझर रिफ्रेश करता, तरी ५०३, मग घाबरून बरोबर असलेली सेटिंग बदलायला लागता. एक मिनिट चहा घ्या.

४०४ आला तर पानाचा चेहरा बघा. टॉमकॅटच्या धाटणीचं पान असेल तर गाठ बरोबर आहे, ॲप चढलेलं नाही किंवा नाव चुकलंय. अपाचेचं साधं पान असेल तर प्रॉक्सीपासच्या ओळीपर्यंत विनंती गेलीच नाही.

५०२ किंवा ५०४ फक्त महिनाअखेरीस, पगाराचा रिपोर्ट काढताना येत असेल तर बिघाड नाही. अपाचे मुळात ६० सेकंद थांबतो आणि रिपोर्टला त्याहून जास्त लागतात. त्या प्रॉक्सीपासच्या ओळीच्या शेवटी टाइमआउट=३०० जोडा. अख्ख्या सर्व्हरचा टाइमआउट वाढवू नका.

सकाळी पाळी बदलताना सगळं एकदम मंद होत असेल तर टॉमकॅटचा मॅक्सथ्रेड्स मुळात २०० असतो हे माहीत असू द्या, पण तो वाढवण्याआधी डेटाबेसकडे किती कनेक्शन उघडायची मुभा आहे ते बघा. डेटाबेसला ५० ची मर्यादा असताना ४०० थ्रेड केले तर रांग फक्त एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते.

सगळं चालू झालं की शनिवारी दुपारी, प्लांटला आधी सांगून, यंत्र एकदा मुद्दाम रीबूट करा आणि हात न लावता हजेरी उघडते का ते बघा. पुढे पीकेजी अपग्रेड करण्याआधी अपाचे२४ आणि टॉमकॅटचं कॉन्फ ही दोन्ही फोल्डर बाजूला कॉपी करून ठेवा. डिस्क झेडएफएसवर असेल तर 'बीईसीटीएल क्रिएट' ने आख्ख्या प्रणालीची प्रत काही सेकंदांत होते, आणि अपग्रेड फसलं तर बूटच्या मेनूतून जुन्या प्रतीवर परत जाता येतं.